मदत हवी आहे: लायगोच्या डेटात दिसतोय तो सिग्नल खरा की माझ्या फिल्टरचा प्रताप?

मंडळी, जरा मदत करा, डोकं पिकलंय. लायगोचा, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशाचं सूक्ष्म ताणणं-आकसणं) टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेचा, डेटा कोणालाही फुकट डाउनलोड करता येतो हे कळल्यावर म्हटलं १४ सप्टेंबर २०१५ ची ती पहिली गुरुत्वीय लहर, दोन कृष्णविवरं एकत्र झाली ती, आपणच शोधून बघू. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या तिच्या दोन्ही डिटेक्टरांच्या ३२ सेकंदांच्या फायली घेतल्या, पायथनमध्ये उघडल्या, ग्राफ काढला आणि काहीच नाही! नुसत्या संथ वरखाली होणाऱ्या टेकड्या.

मग ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास (तेवढ्याच वारंवारता ठेवणारा फिल्टर) लावला तर टेकड्या गेल्या पण एकसुरी गुणगुण उरली. शेवटी व्हाइटनिंग केलं, म्हणजे जिथे गोंगाट जास्त त्या वारंवारता दाबून सगळ्या एका पातळीवर आणल्या, आणि बरोब्बर त्या ०.२ सेकंदात वळवळ दिसायला लागली. पण आता शंका अशी की कुठे बघायचं ते मला आधीच माहीत होतं, फिल्टरचे आकडेही त्यांच्याच पेपरमधून उचललेले, मग हे मी शोधलं की घडवलं? त्यात दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवले तर जुळतही नाहीत, एक वर जातो तिथे दुसरा खाली.

आणि दुसरं म्हणजे डिटेक्टरच्या ज्या ४ किलोमीटरच्या बाहूंतून लेसर जातो त्यांची लांबी लहरीमुळे बदलते किती, तर प्रोटॉनच्या व्यासाचा साधारण चारशेवा भाग. अहो, आरशातले अणूच त्याच्या कितीतरी पट थरथरत असतील की! मग मोजतात नक्की काय?

प्रतिसाद १
ग्राफ न जुळण्याचं सोपं आहे. लहर आधी लिव्हिंग्स्टनला पोचली आणि साधारण ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. शिवाय दोन्हींचे बाहू जमिनीवर वेगळ्या दिशांना मांडलेत, त्यामुळे चिन्ह उलटं येतं. हॅनफर्डचा ग्राफ ७ मिलिसेकंद मागे घ्या, उणे १ ने गुणा, मग बघा. गुणगुण म्हणताय ती ६० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची. स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला किती गोंगाट त्याचा ग्राफ) काढलात तर ५०० हर्ट्झच्या आसपासही सुळके दिसतील, आरसे ज्या काचेच्या धाग्यांवर टांगलेत त्यांची ती कंपनं.

प्रतिसाद २
शोधलं की घडवलं, हा प्रश्न एकदम रास्त आहे, लायगोवाल्यांचा निम्मा जीव यातच जातो. फिल्टर हवे तेवढे लावा, पण तेच फिल्टर, एक आकडाही न बदलता, बाकीच्या सेकंदांवर चालवा. तिथेही वळवळ आली तर दोष फिल्टरचा. त्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. दोन्हीकडच्या १६ दिवसांच्या डेटापैकी एकाचा डेटा मुद्दाम सरकवत गेले. दोन ठिकाणांमधलं अंतर कापायला प्रकाशालाच १० मिलिसेकंद लागतात, त्याहून जास्त सरकवल्यावर जे जुळेल तो निव्वळ योगायोग. असे योगायोग मोजून निघालं की इतका दणदणीत सिग्नल चुकून जुळायची शक्यता २ लाख ३ हजार वर्षांत एकदाहूनही कमी. २०१० मध्ये तर मोजक्या लोकांनी गुपचूप खोटा सिग्नल घुसवला होता, बाकीच्यांनी पेपरचा मसुदा तयार केला आणि मग सिग्नल खोटा होता हे सांगणारं बंद पाकीट उघडलं :)

प्रतिसाद ३
अणूंबद्दल. एका अणूची जागा कोणी मोजतच नाही. लेसरचा झोत आरशावर कित्येक सेंटिमीटर रुंद पडतो, म्हणजे अगणित अणूंची सरासरी मिळते आणि त्यांचं इकडेतिकडे हलणं बरंचसं आपसात फिटतं. उरलेलं थरथरणं सिग्नल जिथे शोधत नाही त्या वारंवारतेला ढकलायचं. ४० किलोचा आरसा इतक्या शुद्ध काचेचा असतो की चांगल्या घंटेसारखी त्याची उष्णतेची ऊर्जा ठरावीक स्वरांतच गोळा होते आणि १०० हर्ट्झच्या आसपासची जागा बऱ्यापैकी शांत राहते. अर्थात आरशावरच्या परावर्तक लेपाची थरथर अजून छळते, जपानच्या काग्रा या अशाच डिटेक्टरात म्हणूनच नीलमण्याचे आरसे अतिथंड करतात.

धागाकर्ता
धन्यवाद मंडळी! ७ मिलिसेकंद आणि उणे १ केल्यावर दोन्ही ग्राफ अक्षरशः एकावर एक बसले. उरलेल्या सेकंदांवर तेच फिल्टर चालवले, कुठेकुठे एकाच डिटेक्टरमध्ये उसळी दिसते पण दुसरीकडे तिला जोडीदार नाही. फक्त एक विचारायचं राहिलं, व्हाइटनिंगसाठी स्पेक्ट्रम मी सगळ्या ३२ सेकंदांवरून काढलाय, त्यात सिग्नलही आलाच की. चालेल का?

प्रतिसाद २
०.२ सेकंदाने फारसं बिघडत नाही. तरी मन खात असेल तर मोठी फाइल घ्या, ४०९६ सेकंदांचीही मिळते, आणि सिग्नलच्या आजूबाजूचा तुकडा सोडून बाकीच्यावरून स्पेक्ट्रम काढा. वळवळ तेव्हाही तिथेच दिसेल.