सीओपीडी असलेल्या आईचा दिवस कसा आखावा?

प्रश्न :
माझ्या आईचे वय ६४ असून तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. गावाकडच्या कोंदट स्वयंपाकघरात चुलीपुढे काढलेल्या वर्षांचा हा परिणाम असल्याचे डॉक्टर सांगतात. निदान झाल्यावर धास्तीपोटी आम्ही तिच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतले, पण दिवसभर बसून राहूनही आंघोळ उरकून बाहेर येईपर्यंत तिला अशी धाप लागते की काही वेळ बोलताही येत नाही. बरे वाटते त्या दिवशी ती श्वासावाटे औषध घ्यायचा सकाळचा पंपही (इनहेलर) घेत नाही. तिला पूर्ण विश्रांती द्यावी, की कामांच्या वेळा ठरवून द्याव्यात?

उत्तर १ :
मी स्वतः या आजाराचा रुग्ण आहे, म्हणून आधी पंपाविषयी लिहितो. रोजचा पंप त्रास झाल्यावर घेण्यासाठी नसतो. त्याचा परिणाम औषधानुसार १२ किंवा २४ तास टिकतो, आणि आईंना बरे वाटते ते बहुधा त्याच्यामुळेच, हे त्यांना समजावून सांगा. रात्रभर कफ साचल्याने सकाळी दम अधिक लागतो. त्यामुळे मी उठल्यावर पंप घेतो, त्यात स्टेरॉइड असल्याने चूळ भरून टाकतो, कोमट पाणी पिऊन कफ सुटू देतो, आणि चहा व वर्तमानपत्र झाल्यावरच आंघोळीला जातो. आंघोळ स्टुलावर बसून करावी आणि दाराला कडी घालू नये. अंग खसाखसा पुसण्यात किती दम जातो हे निरोगी माणसाला कळणार नाही. मोठा टॉवेल पांघरून थोडा वेळ बसले की अंग आपोआप कोरडे होते.

उत्तर २ :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, कामे काढून घेण्यामागची काळजी समजते, पण बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात, दुबळे स्नायू थोड्याशा हालचालीतच थकतात, मग धाप लवकर लागते आणि धापेच्या भीतीने माणूस आणखी बसून राहतो. आईंना कामे परत द्या, मात्र दोन कामांच्या मध्ये विसावा ठेवा. भाजी निवडणे, कणीक मळणे ही कामे टेबलाशी बसून होतात. वेणी घालणे किंवा उंच दोरीवर कपडे वाळत घालणे ही कामे वरवर हलकी वाटली तरी हात खांद्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू त्यातच गुंततात, म्हणून दोरी खाली बांधा. या आजारात खरी अडचण श्वास पूर्ण बाहेर न पडण्याची असते. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून दुप्पट वेळ तो सावकाश सोडायचा, आणि उठणे, उचलणे, पायरी चढणे हे श्वास सोडतानाच करायचे. फुप्फुस पुनर्वसनाचा (देखरेखीखाली व्यायाम आणि श्वसनाचे प्रशिक्षण) ६ ते ८ आठवड्यांचा कार्यक्रम जवळपास कुठे होत असेल, तर डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारा.

उत्तर ३ :
आमच्या यजमानांना घरी ऑक्सिजन लावावा लागतो. दिवसातून किमान १५ तास तो लावायचा असल्याने जेवण, झोप, टीव्ही सारे त्या नळीच्या बेताने ठरते, आणि प्रवाह आपल्या मनाने वाढवायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. समई आणि गॅसपासून ते यंत्र दूर ठेवतो. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल तर घरातून हद्दपारच केली, यावर सासूबाई अजून नाराज आहेत. पोट गच्च भरले की दम लागतो, म्हणून थोडे थोडे चार-पाच वेळा वाढते.

प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. तिला पूर्वीप्रमाणे पहाटे फिरायला जायचे आहे. थंडीत चालेल का?

उत्तर २ :
थंडीत पहाटे धूर आणि धूलिकण जमिनीलगत साचून राहतात, त्यामुळे ऊन पडल्यावर किंवा घरातल्या घरातच चालावे. चालताना थोडी धाप लागणे अपेक्षित आहे, पण बोलणेच बंद होत असेल तर वेग कमी करून, कठड्यावर हात टेकून, किंचित पुढे वाकून थांबावे. तातडीचा पंप घरी न ठेवता सोबत असावा. कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, तो वाढला किंवा नेहमीच्या अंतरात दम अधिक लागू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि फ्लूची लस दरवर्षी द्या.