मदत हवी आहे: सक्सिनेट असताना रायझोबियम लॅक्टोजला हात का लावत नाही?

नमस्कार मंडळी,

लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटीवर माझं एम.एस्सी.चं काम चालू आहे. सक्सिनेट (एक सेंद्रिय आम्ल) आणि लॅक्टोज (दुधातली साखर) एकत्र दिलं की हा जिवाणू आधी सक्सिनेट संपवतो, हे जुनं निरीक्षण. माझ्याकडेही सक्सिनेट असेपर्यंत लॅक्टोज तोडणारं एन्झाइम बीटा-गॅलॅक्टोसिडेज (ओएनपीजी या रंग देणाऱ्या रसायनाने मोजलेलं) अगदी कमी येतं आणि नुसत्या लॅक्टोजवर भरपूर. पण वाढीच्या आलेखात दोन टप्प्यांमधला थांबा कुठेच दिसत नाही. याला दमन (आवडतं अन्न असताना दुसऱ्याची जनुकं दाबून ठेवणं) म्हणायचं का?

दुसरी अडचण यंत्रणेची. ई. कोलायमध्ये ग्लुकोज पीटीएसमधून (साखरेला फॉस्फेट जोडून आत ओढणारी यंत्रणा) आत येतं आणि त्याच वाटेने लॅक्टोजचा परमिएज (आत घेणारं प्रथिन) अडवला जातो, सीएएमपी हा संदेशवाहक रेणूही घटतो. इथे आवडनिवड उलटी आहे, ग्लुकोजपेक्षा सक्सिनेट आणि मॅलेट प्यारं. शिवाय साखर आत ओढणारं पीटीएस या जिवाणूत नाहीच, तरी पीटीएसमधलंच एचपीआर प्रथिन आणि त्याला फॉस्फेट जोडणारं कायनेज जीनोममध्ये आहेत. मग लॅक्टोज नेमकं कुठे अडतं?

मला हे समजून घ्यायचंच आहे, कारण गाठीतला सगळा व्यवहार यावर उभा आहे. वनस्पती तिथे जिवाणूला मुख्यतः मॅलेट पुरवते. ते आत घेणारं डीसीटीए प्रथिन बंद पडलेले म्यूटंट (जनुक बिघडलेले जिवाणू) गाठी करतात, पण नायट्रोजन स्थिर करत नाहीत. यावरून साखरेचं दमनही सहजीवनाला लागतं, असं म्हणता येईल का?

प्रतिसाद

थांबा दिसलाच पाहिजे असं नाही. सक्सिनेट संपत येतानाच एन्झाइम बनू लागलं तर रेघ तुटत नाही. सक्सिनेट कमी आणि लॅक्टोज जास्त ठेवा, आणि एकाच नमुन्यातून ओएनपीजी व माध्यमात उरलेलं सक्सिनेट दोन्ही मोजा. पीएचकडे जरूर बघा: सोडियम सक्सिनेट खाल्लं जातं तसं माध्यम अल्कधर्मी होत जातं. बफर कमी पडला तर तुलनाच फसते.

यंत्रणेबद्दल: रॅफिनोज या साखरेच्या जनुकांवर 2002 मध्ये आलेल्या कामात दिसलं की सक्सिनेट असताना प्रेरक (जनुकं चालू करणारा रेणू) पेशीत साठू न देणं हा दमनाचा मोठा भाग आहे. एचपीआर आणि त्याच्या कायनेजचाही यात हात असल्याचं नंतर दिसलं. लॅक्टोजसाठी हेच तपासायचं तर वाहतुकीच्या जनुकांची जादा प्रत सक्सिनेटने न दबणाऱ्या प्रमोटरखाली (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) घाला. लॅकझेड (बीटा-गॅलॅक्टोसिडेजचं जनुक) मात्र मूळ प्रमोटरखालीच राहू द्या, कारण ते वाहतुकीच्या जनुकांसोबत त्याच ओपेरॉनमध्ये (एकाच प्रमोटरवर चालणारा जनुकांचा गट) आहे. दमन सैल झालं तर अडवणूक दारातच होती.

शेवटच्या प्रश्नाला डीसीटीए म्यूटंट उत्तर देऊ शकत नाही, तिथे इंधनच तुटलेलं असतं. सक्सिनेट नीट खाणारा पण दमन सुटलेला स्ट्रेन घ्या आणि रोपांवर ॲसिटिलीन रिडक्शन (नायट्रोजन स्थिरीकरण मोजायची चाचणी) करून बघा.