‘कोणतीही केबल चालते’ म्हणणाऱ्या भाऊंसाठी: यूपीएस, कन्व्हर्टर केबल आणि टेपपट्टी

जळगावकर_जुना
काल एका भाऊंचा सल्ला वाचला. “यूपीएसच्या मागे आपलं नेहमीचं सॉकेट नाही म्हणून रडू नका. जुनी पॉवर कॉर्ड कापा, पुढे एक्स्टेंशन बोर्ड जोडा, टेप मारा आणि काँप्युटर, मॉनिटर, राउटर, प्रिंटर सगळं त्यावर टाका.” खाली ‘एक नंबर भाऊ’ची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबेल.

ज्या यूपीएसला मागे सी-१३ सॉकेट (काँप्युटरच्या मागे खुपसतो त्या कॉर्डीच्या टोकासारखी, तीन फटींची) असतात, त्याला लागणारी कॉर्ड तयार मिळते. एका टोकाला सी-१४, म्हणजे त्या फटींत बसणाऱ्या तीन पिना, दुसऱ्या टोकाला सी-१३. दुकानात ‘यूपीएस कॉर्ड’ म्हणा नाहीतर ‘मॉनिटर कॉर्ड’. काँप्युटरच्या जुन्या एसएमपीएसला (आतल्या पॉवर सप्लायला) मागे मॉनिटरसाठी आउटलेट असायचं, त्याचीच ही कॉर्ड, कित्येकांच्या माळ्यावर पडलेली असेल. राउटरच्या अडॅप्टरला सी-१४ ते थ्री-पिन सॉकेटवाला कन्व्हर्टर घ्या. दोन्ही मोल्डेड, आत तीन वायरी, सी-१३चं रेटिंग १० अँपिअर. कन्व्हर्टर केबलीशी माझं भांडण नाही. भांडण टेपपट्टीशी आहे. मे महिन्यात टेपचा डिंक पाघळतो आणि कापलेल्या कॉर्डीत हिरवी, म्हणजे अर्थची वायर बहुतेक वेळा तशीच लोंबकळत सोडलेली असते.

आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर? यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६०. लेझरचा फ्यूजर (कागदावर टोनर तापवून चिकटवणारा भाग) तापताना एका झटक्यात त्याच्या दुप्पट ओढतो. यूपीएस बोंबलतो, बसतो, सोबत काँप्युटरही बसतो. मग बॅकअप कशाचा घेतला होता?

सेवाकेंद्र_शिरपूर
तो सल्ला माझाच. पुस्तकी ज्ञान झालं असेल तर दुकानात येऊन बसा एक दिवस. पीकविम्याची शेवटची तारीख, दारात रांग, लाइट गेलेली. गिऱ्हाइकाला पावती हातात पाहिजे. “काका, प्रिंटर यूपीएसवर चालत नाही, लाइट आली की या” असं सांगू? तोवर काय त्याला भरीत-भाकरी वाढू? इतकी वर्षं चालू राहिलंय, काही जळलं नाही.

जळगावकर_जुना
जळलं नाही म्हणजे बरोबर होतं असं नाही. यूपीएसची बॅटरी किती वेळा बदलली, तेही सांगा की.

सेवाकेंद्र_शिरपूर
बॅटरी सगळ्यांचीच जाते. खान्देशात राहतो, महाबळेश्वरात नाही.

पाचोरा_एक्सप्रेस
हे मात्र खरं. यूपीएसमधल्या लेड-ॲसिड बॅटरीची आयुष्यं २५ अंशांवर मोजलेली. वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं धरतात. आपल्याकडे ४५ला पारा आणि यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटवलेला. ती ७ एएचची बॅटरी काय करणार बिचारी.

वायरमन_अमळनेर
सगळे केबलीवर भांडताय. घरात अर्थिंग आहे का ते कोणी बघितलं? कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर समजा, अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मिळाला तर गळती जमिनीत जाते. नाही मिळाला तर कॅबिनेटवर निम्मा दाब, ११० ते ११५ व्होल्ट, उभा राहतो. करंट कमी असतो म्हणून माणूस वाचतो. पण पेनड्राइव्ह आणि एचडीएमआय पोर्ट वाचतीलच असं नाही.

धुळेकरीण
अगदी हेच. मी घरून डेटा एन्ट्री करते, भाड्याचं घर. आधीच्या भाडेकरूनं बोर्डात टू-पिन सॉकेट ठेवलेलं, म्हणून यूपीएसच्या प्लगची वरची जाड, अर्थची पिन पकडीनं तोडून टाकलेली. टायपिंग करताना मनगटाला मुंग्या यायच्या, मला वाटलं नस दबली. डॉक्टरांकडे जाऊन आले! शेवटी भावानं मल्टीमीटर लावला, कॅबिनेट ते नळ ११० च्या आसपास. घरमालक म्हणाले, “आमच्या काळात अर्थिंग नव्हतंच, आम्ही मेलो का?” नवीन प्लग, नवीन सॉकेट, मागच्या अंगणातून अर्थची वायर ओढली, मुंग्या बंद. खर्च माझा, हे सांगायला नको.

भुसावळ_लोको
मुळात यूपीएस लागतोच कशाला, हा प्रश्न विचारा. दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी माझ्या गच्चीवरून दिसते. ५००-५०० मेगावॅटचे दोन संच, आणि आमच्या गल्लीत पाऊस नुसता शिंकला तरी अंधार.

वायरमन_अमळनेर
लोको भाऊ, दीपनगरची वीज ग्रिडला जाते, तुमच्या गच्चीवर नाही. तुमची लाइट जाते ती गावात येणाऱ्या ११ केव्ही फीडर लाइनवर पडलेल्या फांदीमुळे. विषय अर्थिंगचा आहे.

भुसावळ_लोको
विषय केबलीचा होता. अर्थिंगवर तुम्हीच नेलात.

केळीबाग_रावेर
नेला तर नेला, बरं केलं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून कोणीतरी जातं. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, टू-पिन प्लग. पंपाच्या स्टार्टरलाही अर्थिंग नसतं. मी विहिरीवर अर्थिंगसाठी कोळसा-मिठाचा खड्डा करून घेतलाय आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी टाकतो. काळी जमीन भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

सोलर_चाळीसगाव
कोळसा-मीठ जुनं झालं भाऊ. मिठानं खड्ड्यातला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजतो, काही वर्षांत आत नुसता भुगा. केमिकल अर्थिंग करा, म्हणजे मिठाऐवजी तयार पावडर आणि पाइप, कटकट संपली.

केळीबाग_रावेर
हे लिहिणारा माणूस केमिकल अर्थिंग विकतो की काय? माझ्या खड्ड्यात वर्षाला एक पोतं मीठ आणि दोन बादल्या पाणी जातं, बस. तुमच्या पाइपाच्या पैशात माझं ठिबक होतं.

सोलर_चाळीसगाव
विकतो, लपवलं कुठे? नावातच ‘सोलर’ आहे. म्हणून गंज लागत नाही का?

यावल_टेक
एवढा खटाटोप कशाला? बोर्डातच अर्थच्या पिनला न्यूट्रलची वायर जोडून टाका. झिणझिण्या गायब. मी चार घरी करून दिलंय.

वायरमन_अमळनेर
काय सांगी ऱ्हायना भो? डोकं ठिकाणावर शे का? पोलवर न्यूट्रल तुटला किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटा केला, तर काँप्युटरच्या कॅबिनेटवर, कूलरच्या पत्र्यावर, सगळ्या चीजवस्तूंवर थेट २३० येतो. त्या चार घरी आज जा आणि ती वायर काढ. हा जुगाड नाही, हा खड्डा आहे, मीठ-कोळशाचा नाही, माणसाचा.

यावल_टेक
ओरडू नका. आजवर कोणाला काही झालं नाही.

वायरमन_अमळनेर
घरात ईएलसीबी (जमिनीत गळणारा करंट ओळखून लाइट तोडणारा स्विच) असता तर माणसातून करंट जमिनीत जाताच तो ट्रिप तरी झाला असता. नसेलच. ३० मिलिअँपवाला बसवायला सांग त्या चौघांना, आणि “सारखा पडतो” म्हणून काढू नको. पडतो म्हणजे काम करतोय.

धुळेकरीण
यावल_टेक भाऊ, या एका गोष्टीत खरंच वाद घालू नका. काढा ती वायर.

यावल_टेक
बरं, काढतो. तुम्ही सगळे इंजिनिअर, आम्ही अडाणी.

जळगावकर_जुना
मूळ मुद्द्यावर येऊ का? कन्व्हर्टर घेताना एक बघा. बाजारात अशा स्वस्त कॉर्डी आहेत ज्यांना पिना तीन, आत वायरी दोनच. मल्टीमीटर बझरवर ठेवून एका टोकाची अर्थ पिन आणि दुसऱ्या टोकाचं मधलं भोक तपासा. आवाज आला नाही तर तिथंच काउंटरवर परत द्या. नाहीतर रावेरच्या खड्ड्यात कितीही मीठ टाका, काँप्युटरपर्यंत अर्थ पोचणार नाही.

पाचोरा_एक्सप्रेस
आणि नवीन ॲक्टिव्ह पीएफसीचा (आत करंट सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस असेल तर साध्या स्क्वेअर वेव्ह, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लहर न देणाऱ्या यूपीएसवर लाइट जाताच काँप्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. लोक केबलीला शिव्या घालतात. केबल निर्दोष असते.

सेवाकेंद्र_शिरपूर
माझ्या दुकानातल्या कॉर्डी बझरवर तपासल्या. मोल्डेड सगळ्या ठीक. टेपपट्टीवाली वाजली नाही, टाकली भंगारात, झालं समाधान? पण प्रिंटरचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. नुसतं ‘लावू नका’ हे उत्तर नसतं.

धुळेकरीण
इंकटँक घ्या की. छापताना १५-२० वॅट. तुमचा यूपीएस आरामात ओढेल.

सेवाकेंद्र_शिरपूर
आणि दोन आठवडे काम नसलं की हेड जाम. एकदा घेऊन बसलोय ताई, नोझल क्लीनिंगमध्येच अर्धी शाई जायची.

जळगावकर_जुना
तुमच्या दुकानात दोन आठवडे काम नसतं? मघाशी तर दारात रांग होती.

सेवाकेंद्र_शिरपूर
रांग शेवटच्या तारखेला असते साहेब. बाकीचे दिवस मी इथं तुमच्याशी भांडतो. प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतो, यूपीएसवर फक्त काँप्युटर आणि राउटर. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, यूपीएसची बोंब ऐकून मलाच कंटाळा आलाय.

वायरमन_अमळनेर
इन्व्हर्टर किती व्हीएचा?