फोन १८ टक्क्यांवरच बंद पडतोय, बॅटरी गेली का माझंच काही चुकतंय?

फिरस्ता_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. फोनला अडीच वर्षं झाली, ५००० एमएएचची बॅटरी आहे, घेतला तेव्हा रात्री झोपताना पण ४० टक्के उरायचे आणि आता दुपारी ३ वाजता चार्जर शोधत फिरतोय. माझं काम एमआरचं, आठवड्यातनं दोनदा कोल्हापूर ते रत्नागिरी बाइकवर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असं करत. फोन हँडलच्या होल्डरला, मॅप चालू, बाइकला यूएसबी सॉकेट बसवून घेतलंय त्यावर चार्जिंग पण चालू. आणि गंमत बघा, चार्जिंगला लावलेला असून साखरप्यात पोचेपर्यंत टक्के वाढायच्या ऐवजी कमीच झालेले असतात.

परवा तर हद्द झाली राव. १८ टक्के दिसत होते, डॉक्टरांच्या समोर एका प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि फोन डायरेक्ट बंद. चार्जरला लावला तर चालू होऊन १६ दाखवतोय!! रीसेंटमधली सगळी अ‍ॅप दर पाच मिनिटांनी उडवतो, घरी डार्क मोड, एक बॅटरी सेव्हर अ‍ॅप टाकलं होतं त्यात जाहिरातीच जास्त. दिवाळीपर्यंत नवीन फोनचं बजेट नाही. काय करू?

लष्कराच्या_भाकरी:
मित्रा, फोन भाजतोयस तू. वरून ऊन, स्क्रीन उन्हात दिसावी म्हणून ब्राइटनेस फुल, जीपीएस चालू, आणि त्यातच चार्जिंग म्हणजे बॅटरी आतनं पण गरम. मॅन्युअल बघ, बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणून लिहितात, आपल्याकडं एप्रिलमध्ये सावलीतच तेवढं असतं. फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग हळू करतो, त्यात बाइकचं सॉकेट मुळात अशक्त, म्हणून आवक कमी आणि खर्च जास्त असा तुझा हिशोब होतोय.

दुसरा चोर म्हणजे नेटवर्क. घाटात रेंज गेली की फोन टॉवर शोधत बसतो आणि त्यासाठी ताकद वाढवत नेतो. तुझी दोन सिम असतील तर दोन्ही शोधत बसणार, त्यात ५जी चालू असेल तर बघायलाच नको. घाटाच्या आधी मॅपमध्ये तो भाग डाऊनलोड करून ठेव आणि सरळ एअरप्लेन मोड टाक. जीपीएसला सिम लागत नाही, निळा ठिपका व्यवस्थित चालतो. तसा दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाला आंब्याचा रस्ता मॅपवर कशाला बघायचा असतो ते मला कळलं नाही, पण असो :)

रीसेंटमधनं अ‍ॅप उडवणं बंद कर. जे अ‍ॅप पाच मिनिटांनी परत उघडणार ते पहिल्यापासनं चालू करायला उलट जास्त बॅटरी जाते. आणि ते सेव्हर अ‍ॅप आजच काढ.

निवांत_काकू:
आमच्याकडे सासरे अजून सांगतात की नवीन फोन आधी आठ तास चार्ज करायचा आणि नंतर पूर्ण शून्यावर येऊ द्यायचा, मी इतकी वर्षं तेच करतेय. चुकीचं आहे का ते?

लष्कराच्या_भाकरी:
काकू, सासऱ्यांचं त्यांच्या काळात बरोबर होतं, तेव्हा निकेल कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. आता सगळ्या लिथियम आयनच्या, ह्यांना शून्य आवडत नाही आणि तासन् तास १०० वर बसणंही आवडत नाही. २० ते ८० च्या मधे ठेवा. बऱ्याच फोनमध्ये ८० ला चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, रात्रभर लावायचा असेल तर ती चालू करा. पण प्रवासाला निघताना १०० करा बिनधास्त, बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण तिच्यासाठी नाही.

सोल्डरवाला:
मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे म्हणून बोलतो. वरचं सगळं बरोबर पण फिरस्ता, तुमची बॅटरी म्हातारी झालीय, आता सेटिंगनं तरुण होणार नाही. १००% एकदा वापरले की एक सायकल, ५० दोनदा वापरले तरी एकच. दिवसाला सव्वा सायकल धरली तरी अडीच वर्षांत अकराशेच्या पुढं गेलात. युरोपात २०२५ च्या जूनपासून नियम आहे की ८०० सायकलनंतर ८०% क्षमता राहिली पाहिजे, म्हणजे अंदाज घ्या.

१८ ला बंद का पडतो? टाकीत पाणी आहे पण पाइपात क्षार साचलाय. नळ बारीक सोडला तर येतं, एकदम मोठा सोडला की खोकतो. बॅटरी जुनी झाली की आतला रोध वाढतो, कॅमेरा एकदम करंट मागतो, व्होल्टेज खाली पडतं आणि फोन बंद.

बॅटरी बदला, कंपनीच्या सेंटरमध्येच बदला. स्वस्तातली फर्स्ट कॉपी वर छापते ५००० आणि आत असतं कायतरी भलतंच. आणि आजच एक बघा, फोन टेबलावर उताणा ठेवून बोटानं फिरवा. भिंगरीसारखा फिरला किंवा मागचं कव्हर कडेनं उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय, मग चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा नाद तर अजिबात करू नका.

ता.क. फोन हँडलला लावणं कॅमेऱ्यालाही वाईट, बाइकच्या व्हायब्रेशनबद्दल अ‍ॅपलनं २०२१ मध्येच सांगितलंय.

फिरस्ता_कोल्हापूर:
फोन फिरवून बघितला. फिरला ओ!! एक अख्खा गिरका मारला. खालच्या कोपऱ्यात नख जातंय एवढी फट पण आहे आणि मी गेला महिनाभर त्याला कव्हर सैल झालं म्हणत होतो. बंद करून ठेवलाय, उद्या सेंटरला जातो, आत्ता बायकोच्या फोनवरनं लिहितोय.

सोल्डरवाला:
खिशात घालून नेऊ नका.