ब्रशने रंगवलेलं चित्र मेणचट आणि मळकट का होतंय? (क्रिता / फोटोशॉप)

कौलारू

नमस्कार मंडळी. कोऱ्या कॅनव्हासवर एक पावसाळी चित्र रंगवतोय. फोटोवर फिल्टर मारलेलं नाही, सगळं हातानेच. विषय आपल्याकडच्या जुन्या घराचा: चिऱ्यांची ओली भिंत, पुढे बल्कांव (गोव्यातल्या घरांची बसायला बाकं असलेली पुढची ओसरी), शिंपल्यांच्या खिडक्या, मागे माड आणि भरून आलेलं आभाळ.

वापरतोय क्रिता (संगणकावर चित्र रंगवायचा प्रोग्राम). पेन टॅब्लेट मध्यम आकाराचा, स्क्रीन नसलेला. लॅपटॉपची रॅम ८ जीबी. कॅनव्हास ए३, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), ८ बिट (प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या). चाळीसेक लेअर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक पडदे) झालेत.

अडचणी अशा. मऊ कडेच्या ब्रशने, ऑपॅसिटी २० टक्के ठेवून, रंगावर रंग चढवत जातो. पहिल्या तासाला बरं दिसतं, मग सगळं राखाडी-तपकिरी होत जातं आणि भिंत दगडाची न वाटता मेणाची वाटते. लांब रेषा थरथरतात. काढलेलं वर्तुळ थोडं चपटं येतं. मोठा ब्रश फिरवला की रेषा हातामागून एक सेकंदाने येते. शिंपल्यांच्या खिडक्या तर साध्या दुधी काचेसारख्या दिसतायत.

कोणता ब्रश-पॅक डाउनलोड करावा, हेही सांगा.

जांभा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: कुठलाच नको. क्रितामध्ये मुळात आहेत ते ब्रश या चित्राला पुरून उरतात. दोनशे ब्रश घेतले की प्रत्येक भागाला वेगळा ब्रश लागतो आणि चित्र ठिगळांचं दिसतं. तीन ठेवा: कडक कडेचा गोल (बेसिक-५ साइज), एक खरखरीत टोकाचा आणि एक मिसळणारा.

आता मळकटपणा. ऑपॅसिटी आणि फ्लो यांतला फरक आधी पक्का करा. पेन न उचलता मारलेल्या एका फटकाऱ्यात रंग जास्तीत जास्त किती गडद होऊ शकतो, ती मर्यादा म्हणजे ऑपॅसिटी. ब्रशचा प्रत्येक ठसा किती रंग सोडतो, तो फ्लो. ऑपॅसिटी २० ठेवून पेन दहा वेळा उचललंत तर दहा अर्धपारदर्शक थर बसतात. प्रत्येक थर खालच्या रंगाशी सरासरी काढतो. तांबड्या भिंतीवर हिरवट शेवाळाचा थर, त्यावर निळसर सावली, पुन्हा तांबडा, अशा दहा सरासऱ्या झाल्या की उरतो तो करडा. मऊ कड असली की हे शेजारच्या आकारातही पसरतं, म्हणून भिंतीची, खांबाची, कौलाची कड कुठेच सापडत नाही. मेण वाटतं ते यामुळेच.

शिवाय संगणक रंग मिसळतो त्यातही एक खोट आहे. शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि शुद्ध हिरवा (०, २५५, ०) नेहमीच्या पद्धतीने अर्धे-अर्धे मिसळले की (१२८, १२८, ०) येतो, म्हणजे मळकट शेवाळी. प्रकाशाच्या खऱ्या हिशेबाने तो (१८८, १८८, ०) यायला हवा. विरुद्ध रंगांच्या सीमेवर काळपट पट्टा दिसतो तो इथून. फोटोशॉपमध्ये कलर सेटिंग्जच्या प्रगत भागात आरजीबी रंग गॅमा १.०० ने मिसळण्याचा पर्याय आहे. क्रितामध्ये नवी फाइल उघडतानाच १६ बिट फ्लोटची लिनिअर (प्रकाशाच्या हिशेबाने रंग मिसळणारी) प्रोफाइल निवडता येते. पण ८ जीबी रॅमवर तिकडे जाऊ नका. मधला रंग स्वतः निवडून कडक ब्रशने लावा, तेवढ्याने हा पट्टा जातो.

करायचं असं. कडक गोल ब्रश, ऑपॅसिटी १००, पेनाचा दाब फक्त आकाराला जोडलेला. पूर्ण चित्र तीनच उजळपणांत भरा: आभाळ आणि ओली अंगणं फिकी, भिंत मधली, पागोळ्यांखालचा आणि बल्कांवाच्या आतला भाग गडद. या टप्प्यावर टेक्स्चर नाही, शिंपले नाहीत. चित्र अंगठ्याएवढं लहान करून पाहा. घर ओळखू आलं तरच पुढे जा. उजळपणा तपासायला सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेवा आणि त्याचा मोड 'कलर' करा, रंग निघून जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. हा लेअर दर दहा मिनिटांनी चालू-बंद करावा. त्यानंतरच ऑपॅसिटीला दाब जोडा, तोही बारीक जागी.

सावल्यांबद्दल एक गोष्ट. भरून आलेल्या आभाळाखाली जमिनीवर पडणारी धारदार सावली नसते. उजेड वरून सगळीकडून येतो. म्हणून वर तोंड केलेले पृष्ठभाग उजळ, खाली तोंड केलेले गडद, आणि जिथे दोन वस्तू टेकतात तिथे गडद रेघ. तुमच्या खांबांना एका बाजूने उन्हाची सावली दिली असेल तर ती काढा. मल्टिप्लाय (खालचे रंग गडद करणाऱ्या) लेअरवर काळा वापरू नका, (१३०, १२५, १६०) च्या आसपासचा जांभळट करडा घ्या.

मांडवीकाठ

चित्रकलेचं जांभाबाबांनी सांगितलंच आहे, मी यंत्राचं सांगतो.

वर्तुळ चपटं येतंय कारण टॅब्लेटची जागा आणि स्क्रीन यांचं प्रमाण जुळत नाही. बहुतेक टॅब्लेट १६:१० असतात आणि लॅपटॉपचा पडदा १६:९. जसंच्या तसं ताणलं की आडवी हालचाल ११ टक्क्यांनी जास्त होते. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. टॅब्लेटची खालची चिंचोळी पट्टी वाया जाईल, जाऊ दे.

थरथरीला दोन कारणं. चित्र २५ टक्के झूमवर ठेवून लांब रेषा मारली की हाताचा एक मिलिमीटरचा कंप कॅनव्हासवर चौपट होतो. ५० ते १०० टक्क्यांवर काम करा, मनगट टेकवून नाही तर कोपरापासून हात फिरवा. दुसरं, क्रितामध्ये ब्रश टूलच्या पर्यायांत स्मूदिंग (रेषेची थरथर कमी करणारी सोय) 'वेटेड' करा. 'स्टॅबिलायझर' फक्त तारा, वासे, कौलांच्या लांब ओळी यांना. पानांना आणि दगडाला तो लावला तर सगळे फटकारे वळणदार आणि निर्जीव होतात. फोटोशॉपवाल्यांनी स्मूदिंग १० ते १५ टक्के ठेवावं. अगदी सरळ रेषेला क्रितात 'व्ही' दाबून ओढा.

रेषा पहिल्यापासून सारख्याच जाडीची येत असेल, म्हणजे दाबच पोचत नसेल, तर विंडोज इंक आणि विनटॅब (पेनाचा दाब प्रोग्रामपर्यंत पोचवायच्या दोन पद्धती) यांचं भांडण असतं. क्रितामध्ये कॉन्फिगर क्रिता, टॅब्लेट सेटिंग्ज इथे एकावरून दुसऱ्यावर जा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. पेन टेकवून थांबलं की गोल कडं उमटतं, तेही विंडोजचं उजव्या क्लिकचं प्रकरण, पेनच्या सेटिंगमध्ये बंद होतं.

आता रेंगाळणं. ए३, ३०० पीपीआय म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल, सुमारे १ कोटी ७४ लाख. ८ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेअर साधारण ७० एमबी खातो, १६ बिटमध्ये १४०. चाळीस लेअर भरलेले असतील तर जवळपास २.८ जीबी, वर अनडूचा साठा वेगळा. आठ जीबीला हे जड आहे. पहिले दोन टप्पे १७५४ × २४८० वर करा, आकार ठरले की दुप्पट करा. मोठ्या आकारांना मोठं केल्याने काही बिघडत नाही, बारकावे नंतरच यायचे आहेत. झालेले लेअर एकत्र करा, बारा-पंधरावर थांबा. मोठ्या ब्रशचं स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर) बघा: ८०० पिक्सेलच्या ब्रशला १ टक्का असेल तर दर ८ पिक्सेलला एक ठसा पडतो, १० टक्के केलं की ठसे दहापट कमी आणि डोळ्याला फरक नाही. इन्स्टंट प्रिव्ह्यू (फटकारा आधी ढोबळ दाखवून रेंगाळणं कमी करणारी सोय) शिफ्ट-एलने चालू होतो.

आणि पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा. प्रत्येक टप्प्याला कंट्रोल-ऑल्ट-एसने नवी क्रमांकाची प्रत ठेवा, म्हणजे बिघडलेल्या भिंतीपासून मागेही येता येतं.

खाजन

मिसळणाऱ्या ब्रशबद्दल जांभाबाब थोडक्यात बोलले, पण तिथेच बरेच जण फसतात. गुळगुळीत टोकाने मिसळलं तर मेणच होणार. मिसळणाऱ्या ब्रशचं टोक खरखरीत ठेवा. क्रितात एफ५ दाबून ब्रश एडिटर उघडा, कलर स्मज इंजिन घ्या. 'कलर रेट' ० केला की ब्रश नवा रंग सोडत नाही, फक्त असलेला ओढतो. 'स्मज लेंग्थ' ५० च्या आत ठेवा. 'डलिंग' मोड खालचा एक रंग उचलून पसरवतो, 'स्मिअरिंग' पिक्सेलच ओढत नेतो. दगडाला डलिंग, पाण्याला स्मिअरिंग. फोटोशॉपमध्ये हेच मिक्सर ब्रशने होतं (२०१० च्या सीएस५ पासून आहे), वेट ३०, लोड २०, मिक्स ५० पासून सुरुवात करा.

ओला चिरा. कोरड्या चिऱ्यापेक्षा ओला चिरा गडद आणि रंगाने भरलेला दिसतो, कारण पाण्याच्या पातळ थरामुळे खडबडीत पृष्ठभागावरून विखुरणारा उजेड कमी होतो. कोरड्याला छटा १८ अंश, रंगभरणी (सॅच्युरेशन) ५०, उजळपणा ५० धरला तर ओल्याला छटा १४, भरणी ६५, उजळपणा ३०. अख्खी भिंत ओली करू नका. पागोळ्यांच्या आत कोरडी, खालच्या तीन-चार थरांना पावसाच्या शिंतोड्यांनी ओली, मध्ये वेडीवाकडी सीमा. ओल्या चिऱ्याच्या वरच्या कडांना आभाळाचा निळसर करडा, तोही तुटक. चिऱ्यावरची भोकं काढायला वेगळा ब्रश हवाच असेल तर: टोक गोल, आकारात ४० टक्के चढउतार, कोनात १०० टक्के, स्कॅटर (ठशांचं विखुरणं) १२० टक्के, स्पेसिंग ८०. भिंतीच्या लेअरला अल्फा लॉक करून (म्हणजे रंग भिंतीबाहेर जात नाही) मारा. प्रत्येक भोकाला वरची कड गडद आणि खालची कड किंचित उजळ. हे फक्त नजर जाते तिथल्या दहा-बारा चिऱ्यांना, बाकीचे सपाट राहू द्या. सगळ्यांना भोकं पाडली की भिंतीचा स्पंज होतो.

शिंपल्यांच्या खिडक्या काच वाटतायत कारण सगळ्या तावदानाला एकच ग्रेडियंट दिलाय. तिथे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत कितीतरी वेगवेगळे शिंपले बसवलेले असतात, प्रत्येकाची जाडी आणि रंग वेगळा. कावी कामात (भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीत) लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा पाडतात ना, तशीच उलटी पद्धत इथे लावा. खाली शिंपल्यांचा लेअर, वर पूर्ण तपकिरी लाकडाचा लेअर. लाकडाला मास्क (लेअरचा भाग न पुसता लपवणारा) लावून एकेक चौकट कडक ब्रशने उघडा, हाताने, थोडी वाकडी. मग खालच्या लेअरवर प्रत्येक शिंपल्याला वेगळा रंग: करडा, पिवळट, किंचित गुलाबी, उजळपणात पाच-सहा टक्क्यांचाच फरक. दोन-तीन शिंपल्यांवर बारीक वक्र रेषा, एखादी जागा फुटकी म्हणून काळी. दिवसा बाहेरून शिंपला झगमगत नाही, मंद दुधी असतो. चमक दिलीत तर पुन्हा काच. आत दिवा लावलेला दाखवायचा असेल तर मात्र स्क्रीन मोडच्या (खालचे रंग उजळ करणाऱ्या) लेअरवर कोमट पिवळा, मध्ये जास्त आणि चौकटीच्या कोपऱ्यांकडे विरत जाणारा.

अंगणातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उभ्या फटकाऱ्यांनी ओढा. फिकी वस्तू प्रतिबिंबात थोडी गडद होते, गडद वस्तू थोडी फिकी. आणि पावसाच्या पांढऱ्या रेघा सगळीकडे मारू नका. त्या गडद जागेपुढेच दिसतात, माडांपुढे आणि बल्कांवाच्या अंधारापुढे. आभाळापुढे पाऊस म्हणजे फक्त कमी झालेला फरक.

कौलारू

देव बरें करूं (धन्यवाद) सगळ्यांचं! वर्तुळ आणि रेंगाळणं दोन्ही गेलं. तीन उजळपणांत पुन्हा भरलं तेव्हा कळलं की माझा खांब आणि भिंत एकाच उजळपणाचे होते, म्हणून कितीही रंगवलं तरी सुटे दिसत नव्हते.

आता दोन गोष्टी उरल्या. आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे दिसतायत. आणि चाचणीसाठी ए४ प्रिंट काढली तर बल्कांवाच्या आतला भाग सपाट काळा आला, पडद्यावर तिथे बाक आणि दार स्पष्ट दिसतं.

मांडवीकाठ

पट्ट्यांचा हिशेब सोपा आहे. तुमचं आभाळ १५० पासून १९० पर्यंत जात असेल तर ८ बिटमध्ये मधे फक्त चाळीस पायऱ्या. त्या २००० पिक्सेलवर पसरल्या की प्रत्येक पट्टा ५० पिक्सेल रुंद, डोळ्याला दिसणारच. अख्खी फाइल १६ बिट करून जुने पट्टे जात नाहीत, ग्रेडियंट पुन्हा रंगवावा लागतो. त्यापेक्षा आभाळावर खरखरीत मोठ्या ब्रशने ढगांचे फटकारे द्या आणि शेवटी १ ते २ टक्के नॉइज (बारीक दाणे) घाला. पट्टे मोडतात आणि कागदावर ते नॉइज दिसतही नाही.

प्रिंटचं पहिलं कारण पडद्याचा उजेड. पडद्याशेजारी पांढरा कागद धरा, दिवसाच्या उजेडात दोघांचा पांढरा सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग बल्कांव तुम्हालाच काळं दिसेल. तिथे आरजीबीचे आकडे तपासा. तिन्ही १५ ते २५ च्या आत असतील तर छपाईची शाई तो फरक गिळते. बाक आणि दार ४० च्या वर आणा, त्यांच्या मागचा अंधार २० वर ठेवा. संपूर्ण चित्र उजळवू नका, नाहीतर ओली भिंत कोरडी होईल.

छापखान्याकडून त्यांची रंग-प्रोफाइल (त्यांच्या यंत्रावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफ (छपाईचे रंग पडद्यावरच दाखवणारी सोय) लावून बघा, कंट्रोल-वाय क्रितात आणि फोटोशॉपमध्येही चालतं. झगझगीत हिरवा आणि निळा तिथे सर्वांत जास्त उतरतो, त्यामुळे माडांकडे आधी लक्ष द्या. ए४ वर आकसून चाचणी काढू नका. मूळ मापात बल्कांव, भिंत आणि थोडं आभाळ येईल अशी दहा सेंटीमीटरची पट्टी कापून तेवढीच छापून घ्या, त्याच कागदावर.

खाजन

त्या पट्टीत एक शिंपल्याची चौकटही येऊ द्या. करड्या रंगांतले ते पाच टक्क्यांचे फरक छपाईत विरले तर आठ-नऊ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागतील.