मदत हवी आहे: जीएसटीचं कंपोझिशन घ्यायचंय, पण निपाणीच्या गिऱ्हाइकाचं काय?

कागलला आमचं चिवडा-फरसाणाचं छोटं युनिट आहे, उलाढाल वर्षाला 70 लाखांच्या आत, जीएसटी रेग्युलर. दर महिन्याची रिटर्न आणि क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवणं यात आईचा आणि माझा जीव मेटाकुटीला येतो, म्हणून 1 एप्रिलपासून कंपोझिशनला, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, जायचं ठरवतोय, उलाढालीवर सरळ 1 टक्का आणि तिमाहीला कर भरायचा एक फॉर्म, सीएमपी-08. क्रेडिट मिळत नाही, गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, शिल्लक मालावरचं क्रेडिट आयटीसी-03 हा फॉर्म भरून परत करायचं, हे सगळं धरून हिशोब मांडला, परवडतंय. ऑनलाइन विक्री नाही.

अडलंय एकाच ठिकाणी. कंपोझिशनमध्ये परराज्यात माल विकता येत नाही, आणि निपाणीचा एक दुकानदार दर शनिवारी स्वतःचा टेम्पो घेऊन येतो, 15-20 पेट्या उचलतो, पैसे इथेच काउंटरवर देतो, बिलावर मात्र त्याचा कर्नाटकचा जीएसटी नंबर. आमचे सीए म्हणतात माल निपाणीत जातोय म्हणजे आंतरराज्य विक्रीच, दुसऱ्या एकांना विचारलं तर ते म्हणतात ताबा कागलात दिलाय ना, मग राज्यातलीच. इतकं जुनं गिऱ्हाईक तोडवत नाही हो. सीमाभागात कुणी असा व्यवहार चालू ठेवून कंपोझिशन घेतलंय का, आणि तपासणीत तो कुठल्या राज्यातला धरला?