अर्धे गावांत, अर्धे शहरात असलेले पाणलोट क्षेत्र: सुरुवात कुठून करावी?

ओढाकाठ:
आमच्या पाणलोट क्षेत्राचा वरचा भाग डोंगरउतार, झाडी आणि शेतीचा आहे, तर खालचा भाग झपाट्याने वाढणाऱ्या शहरात येतो. ओढा एकच आहे, पण त्यावर अधिकार दोन वेगळ्या स्थानिक संस्थांचा आहे. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी शहराच्या वेशीजवळच्या पुलावर उभा होतो. वरून येणारे पाणी विटकरी रंगाचे होते, आणि पुलाखालच्या पावसाळी गटारातून तेलाचा तवंग असलेले काळपट पाणी त्यात उतरत होते. बरेच अंतर हे दोन्ही रंग एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत होते. शहरातील मंडळी गाळ आणि खतांसाठी शेतकऱ्यांना बोल लावतात. शेतकरी म्हणतात की टेकड्या फोडून बांधकामे करणारे शहरच आहे, आणि निर्बंध मात्र आमच्या जमिनींवर येतात. आमची समिती लहान आहे आणि निधी मर्यादित आहे. तो वर खर्च करावा की खाली, आणि या दोन्ही बाजूंना एकत्र कसे बसवावे?

झरा:
निधीचे वाटप ठरवण्याआधी ओढा उगमापासून संगमापर्यंत पायी चालून पाहावा, आणि त्या फेरीत दोन्ही बाजूंची माणसे बरोबर असावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. ही फेरी दोनदा करावी लागेल. एकदा सलग तीन दिवस पाऊस नसताना जावे आणि पावसाळी गटाराचे प्रत्येक तोंड तपासावे. इतक्या कोरड्या काळात तेथून पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नाही. ते झऱ्याचे किंवा फुटलेल्या जलवाहिनीचे असू शकते, पण बहुतेक वेळा कोणीतरी सांडपाण्याची जोडणी त्या गटारात दिलेली असते. वास, करडा थर आणि अचानक वाढलेली विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे मोजमाप) या खुणा पुरेशा बोलक्या असतात, आणि ती मोजण्याचे उपकरण हातात मावते. दुसरी फेरी भर पावसात करावी आणि प्रत्येक उपनाला मुख्य ओढ्याला मिळण्यापूर्वी त्याच्या पाण्याचा गढूळपणा मोजावा. बहुतांश गाळ दोन-तीन उपनाल्यांतूनच येत असल्याचे अनेकदा आढळते, आणि त्यांच्या वरच्या अंगाला शेतापेक्षा एखादा नव्याने कापलेला रस्ता किंवा उघडे पडलेले बांधकामच असते. आकडे हाती आले की वाद माणसांवरून जागांवर येतो, आणि जागेवर उपाय करता येतो.

तालबांध:
वरच्या भागाविषयी मी अनुभवाने सांगू शकतो, कारण माझी जमीन अशाच उतारावर आहे. माथा ते पायथा हा क्रम सोडू नये. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर) आणि गवत, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, घळींत अनगड दगडांचे बांध आणि सर्वांत शेवटी मोठे बंधारे, असेच काम व्हायला हवे. बंधारा डोळ्यांना दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते, म्हणून तो आधी बांधला जातो. मग वरची माती न अडवल्यामुळे तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. हे घडताना मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

खतांबाबत एक भेद लक्षात ठेवावा. स्फुरद (फॉस्फरस) प्रामुख्याने मातीच्या कणांना धरून राहते, त्यामुळे माती अडवली की त्याचा मोठा भाग शेतातच राहतो, आणि गोड्या पाण्यात शेवाळ माजण्यामागे बहुधा स्फुरदच असते. नायट्रेट, म्हणजे नत्राचे विद्राव्य रूप, मात्र पाण्यात विरघळून जमिनीत झिरपते आणि विहिरींपर्यंत पोहोचते. त्यावर बांध घालून उपयोग नाही, खताची मात्रा आणि ते देण्याची वेळच बदलावी लागते. ओढ्याच्या दोन्ही काठांवर दहा ते तीस मीटर रुंदीचा झाडागवताचा पट्टा राखला, तर या दोन्हींसाठी त्याची मदत होते. परंतु तो पट्टा कोणाच्या तरी पिकाखालची जमीन असतो, हे शहराने विसरू नये.

उतारवाट:
शहराच्या भागाचे गणित सोपे आहे. एक हेक्टर छपरे आणि डांबर यांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी होते आणि त्यातील बहुतेक सारे काही मिनिटांत गटारात उतरते. पाणी न झिरपणारा पृष्ठभाग पाणलोटाच्या सुमारे १० टक्क्यांपुढे गेला की ओढ्याची प्रकृती बिघडू लागते आणि २५ टक्क्यांपुढे ती सावरणे फार कठीण होते, असा अभ्यासकांचा ढोबळ निकष आहे. त्यामुळे शहराचा अजून न वाढलेला कोपरा वाचवणे हे बिघडलेला भाग दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त पडते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पूर रोखणारी तळी सरसकट सगळीकडे खोदू नयेत. आपले शहर पाणलोटाच्या तोंडाशी आहे, म्हणजे त्याचे पाणी आधी निघून जाते आणि वरच्या भागाचा लोंढा नंतर येतो. शहरातील पाणी तळ्यांत काही तास अडवून सोडले, तर ते नेमके त्या लोंढ्याबरोबर पुलाखाली पोहोचू शकते आणि पूर वाढू शकतो. शहरात पाणी मुरवण्यावर भर द्यावा आणि अडवण्याचे काम वरच्या भागात करावे.

ओढाकाठ:
मनःपूर्वक आभार. मग वरच्या भागातील कामाचा खर्च शहराने उचलावा, असा याचा अर्थ होतो. असे कोठे झाले आहे का?

झरा:
न्यूयॉर्कचे उदाहरण पाहावे. ९० लाखांहून अधिक लोकांना पाणी पुरवणाऱ्या त्या व्यवस्थेचे बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येते, आणि त्यातील काही जलाशय शहरापासून जवळपास २०० किलोमीटरवर आहेत. १९९०च्या सुमारास शहराने तेथील जमिनींवर कडक नियम लादण्याचा विचार मांडला, तेव्हा शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. दीर्घ वाटाघाटींनंतर १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण यंत्रणा आणि खोऱ्यातील गावे यांच्यात करार झाला. सांडपाणी प्रकल्पांची सुधारणा आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्यांची दुरुस्ती यांसाठी शहराने पैसे दिले. जमीन विकण्यास राजी असणाऱ्यांकडूनच घ्यायची असे ठरले. आणि शेतांवरचे काम ऐच्छिक राहून त्याची सूत्रे शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेल्या मंडळाकडे राहिली. या दोन खोऱ्यांतील पाण्यासाठी प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प उभारण्याची वेळ त्यामुळे शहरावर आली नाही. तुमचे शहर लहान असले, तरी गाळ काढण्यावर आणि पाणी शुद्ध करण्यावर ते आज किती खर्च करते, हा आकडा पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवावा.

ओढाकाठ:
तो आकडा मी या आठवड्यातच मागवतो. पुढच्या कोरड्या आठवड्यात पहिली फेरी काढू, आणि तालबांध यांनी सांगितलेल्या घळीही त्याच फेरीत पाहून घेऊ.

तालबांध:
नमुने घेताना खालून वर जात जावे आणि बाटलीचे तोंड प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे करून धरावे. वरून खाली आलात, तर तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येईल आणि त्याचा दोष पुन्हा आमच्या शेतांवर लागेल.